बुरैद्यातलं एका कपाचं उपोषण

मी सौदी अरेबियाला फिरायला गेले नव्हते, बाबांना सोडवायला गेले होते. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, कारण प्रवासवर्णन म्हटलं की लोक उंट शोधत बसतात. उंट येईल. आधी मुद्दा.

मुद्दा असा, की दादाचं लग्न मे महिन्यात ठरलं होतं आणि बाबांना सुट्टी नव्हती. बाबा वीस वर्षांपासून बुरैदा नावाच्या शहराबाहेर एका खजुराच्या शेतावर पाण्याचे पंप सांभाळायचे. आजीच्या बाराव्याला ते फोनवर होते. माझ्या दहावीच्या निकालाला फोनवर होते. आता मुलाच्या लग्नालाही फोनवरूनच अक्षता टाकणार की काय, असं आई म्हणायची. तिकडे माणूस कफीलच्या (ज्याच्या नावावर परदेशी माणसाला कामाचा परवाना मिळतो, तो मालक) कागदांवर राहतो. तो सही करील तेव्हा जायचं. आणि बाबांचा कफील म्हणत होता, मे महिन्यात नाही, उन्हाळ्यात झाडांना पाणी कोण देणार?

"बघू," बाबा म्हणायचे. दर शुक्रवारी, फोनवर, "बघू."

मला "बघू" या शब्दाचा मनापासून राग आहे. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि तालुक्याच्या बाजारपेठेत बायकांसाठी मुतारी हवी म्हणून आम्ही चालवलेल्या कृती समितीची पत्रकं मी लिहीत असे. आम्ही तीन दिवस साखळी उपोषणही केलं होतं. त्याचं फळ म्हणून एका दारावर "महिला" असं रंगवण्यात आलं आणि त्या दाराला कुलूप लावण्यात आलं. किल्ली ज्या साहेबांकडे होती ते कायम मीटिंगमध्ये असत. पण आंदोलन कसं करतात ते मला कळत होतं. मागण्या लिहायच्या, लहानापासून मोठ्याकडे जायचं, आणि शेवटी अन्न नाकारायचं.

मार्च महिन्यात आई आणि मी भेटीच्या व्हिसावर निघालो. हा व्हिसा मिळतो कसा, तर कफीलनेच अर्ज करावा लागतो. म्हणजे ज्याच्याविरुद्ध लढायला चालले होते त्यानेच मला बोलावून घेतलं होतं. तेव्हा हे लक्षात यायला हवं होतं. आलं नाही.

माझ्या बॅगेत चौदा मागण्यांचं निवेदन होतं आणि मुतारीची पन्नास पत्रकं होती, कुठेही लागतात. रियाधच्या विमानतळावर कस्टमच्या अधिकाऱ्याने बॅग उघडायला सांगितली. मी चेन उघडायला मुद्दाम वेळ लावला, कारण छापील कागद दिसला की ते लोक बारकाईने बघतात, असं विमानात शेजारच्या बाईने सांगितलं होतं. पण वरचा थर आईने लावला होता. त्याने पहिलीच पुडी उघडली. त्यात सुका जवळा होता.

तो माणूस एक पाऊल मागे गेला. त्याने आईकडे बघितलं. आईने अभिमानाने मान डोलावली आणि आणखी एक पुडी पुढे केली.

"यल्ला, यल्ला (चला, चला)!" तो म्हणाला, आणि खडूने बॅगेवर फुली मारून त्याने आम्हाला हातानेच बाहेर ढकललं. चळवळीच्या इतिहासात जवळ्याचं योगदान कुणी लिहिलेलं नाही, म्हणून इथे नोंदवून ठेवते.

बाहेर बाबा उभे होते. इस्त्रीचा शर्ट, केसांना कलप. मला त्यांनी ओळखलं नाही, कारण मी विमानातच आईच्या धाकाने काळा अबाया (पायापर्यंतचा सैल झगा) घातला होता आणि रागाने चेहरा तसाच काळा केला होता.

"बाय ती?" त्यांनी आईला विचारलं. घरात मला बाय म्हणतात.

"तीच. बोलू नका तिच्याशी, ती भाषण करील."

रियाधमधून जाताना ओलाया भागातले काचेचे टोलेजंग मनोरे दिसले. आई म्हणाली, "एवढ्या काचा पुसतो कोण?" बाबा म्हणाले, "आपलीच माणसं." मी वहीत लिहून घेतलं. रस्ता सरळ होता, इतका की बाबा गाडी चालवत होते की नुसते बसले होते, हे कळत नव्हतं. मी गावी स्कूटी चालवते आणि इथे मला स्टिअरिंगला हात लावायची परवानगी नाही, यावर मी शंभरेक किलोमीटर बोलले. मग लाल वाळूच्या टेकड्या सुरू झाल्या आणि मी गप्प झाले. वाळवंट पिवळं असतं असं शाळेच्या पुस्तकात होतं. हे आपल्या कौलांसारखं तांबडं होतं. वाऱ्याने त्यावर अशा बारीक रेघा काढल्या होत्या, की आई म्हणाली, "कुणी केरसुणी फिरवली असेल?"

आणि हो, उंट. पेट्रोल पंपाशेजारी एका छोट्या टेम्पोत बसलेला होता. मांडी घालून, मान बाहेर काढून, मोठ्या घरच्या म्हातारीसारखा आमच्याकडे तुच्छतेने बघत होता. झाला उंट.

त्या पेट्रोल पंपावर बायकांची मुतारी होती. मी आत गेले आणि बाहेर आले. त्याबद्दल एवढंच सांगते, की माझी पत्रकं मराठीत नसती तर तिथेच वाटली असती.

वाटेत एका हॉटेलात जेवलो. बायका बरोबर असल्या की "फॅमिली" विभागात जावं लागतं. तिथे प्रत्येक टेबलाभोवती पडदा असतो. मी ताडकन म्हटलं, "आम्ही काय लपवायची वस्तू आहोत का?" पडद्याआड बसल्यावर आईने अबाया सैल केला, चपला काढल्या, पाय वर घेतले आणि मांडी घालून कब्सा (मसालेभात आणि वर अख्खी कोंबडी) हाताने जेवली. "बाजारात असा पडदा असता ना, तर मी चाळीस वर्षं वडापाव खाल्ला असता," ती म्हणाली. माझ्या घोषणेचा पाया तिथेच खचला. पुढे तर तिने कहरच केला. बुरैद्याच्या बाजारात ती अबायाच्या आत घरातला गाऊन घालून फिरायची. "कोण बघतंय?" असं वर मलाच विचारायची. मी तिला स्त्रीस्वातंत्र्यावर सांगायला लागले की म्हणायची, "होय गो, पण आधी मला ते इस्त्रीपासूनचं स्वातंत्र्य उपभोगू दे."

बुरैदा हे खजुराचं शहर. बाबांचं शेत बाहेर अर्ध्या तासावर होतं. कफीलने आमच्यासाठी फाटकाजवळच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर रिकामं करून ठेवलं होतं. फ्रिजमध्ये दूध, अंडी, एक अख्खं कलिंगड. मी याची नोंद "मनधरणीचा प्रयत्न" अशी केली.

बाबांनी दुसऱ्या दिवशी शेत दाखवलं. खजुराची झाडं रांगेत, कवायतीला उभी केल्यासारखी. त्यांच्या बुंध्याशी आळी, आणि आळ्यांत पाणी. मध्ये विहिरीवर मोठं डिझेलचं इंजिन धडधडत होतं. बाबांच्या इकाम्यावर (राहण्याच्या परवान्यावर) "कृषी अभियंता" असं लिहिलेलं होतं. खरं तर बाबा आयटीआयचे डिझेल मेकॅनिक. ते इंजिनवर हात ठेवून उभे राहिले, जसा माणूस बैलाच्या पाठीवर ठेवतो.

"ऐकलंस? आवाज कसा आहे?"

"मोठा आहे," मी म्हटलं.

"मोठा काय, सरळ आहे. आधीचा सूदानी मेकॅनिक गेला तेव्हा हे खोकायचं."

"बाबा, सुट्टीचं काय?"

"बघू."

"पासपोर्ट कुठे आहे तुमचा?"

"अब्दुल्लाच्या तिजोरीत. तिथे उंदीर नाहीत." अब्दुल्ला म्हणजे कफील.

"बाबा, हे बेकायदेशीर आहे!"

"तू आल्यापासून सगळंच बेकायदेशीर आहे. चल, कलिंगड कापू."

शहरात आम्ही अधूनमधून जायचो. पहिल्या खेपेला आई कापडाच्या दुकानात घासाघीस ऐन रंगात आणते तोच बांग झाली. दुकानदाराने आमच्या हातातून कापड हळूच काढून घेतलं, आम्हाला बाहेर काढलं आणि शटर ओढलं. सगळ्या रस्त्याची शटरं एकामागून एक खाली आली. नमाज संपेपर्यंत बाजार बंद. मी संतापले. गिऱ्हाइकाला मधेच बाहेर काढणं म्हणजे काय! आम्ही दहा-बारा अनोळखी बायका फूटपाथवर पिशव्या घेऊन ओळीने बसलो. पंचवीस मिनिटांनी शटर वर गेलं, दुकानदार आला आणि आईने सांगितलेली शेवटची किंमत त्याने स्वतःच पुन्हा उच्चारली. ती त्याच्या लक्षात होती! आमच्याकडे साहेब जेवायला गेला की परत येतो का? आला तरी तुमचं काम त्याच्या लक्षात असतं का? मी वहीतला संताप खोडून "विचाराधीन" असं लिहिलं.

पण मे महिना जवळ येत होता आणि आमचा व्हिसा संपत होता. बाबा रोज संध्याकाळी अब्दुल्लाकडे जायचे, शेताचा हिशेब सांगायचे आणि सुट्टीचा विषय न काढता परत यायचे. एकदा म्हणे काढला होता. अब्दुल्ला म्हणाला होता, "इंशाल्ला." मी विचारलं, त्याचा अर्थ काय? बाबा म्हणाले, "अरबी भाषेतलं बघू."

तेवढ्यात बोलावणं आलं. अब्दुल्लाच्या आईला, म्हणजे उम्म अब्दुल्लांना (तिथे बाईला मुलाच्या नावाने, "अमक्याची आई" म्हणतात) हिंदुस्थानातून आलेल्या बायकांना बघायचं होतं. शुक्रवारी दुपारनंतर कॉफीला या.

आता मी पेटले. कुणाही अधिकाऱ्याच्या घरात शिरायची संधी चळवळीला अशी सहज मिळत नाही.

"मी तिथे काही खाणार नाही, पिणार नाही," मी जाहीर केलं. "लाक्षणिक उपोषण."

"तू कर," आई म्हणाली. "मी खजूर खाणार. एवढ्या लांब आलेय."

बाबांनी रीतभात समजावली. कप उजव्या हातात घ्यायचा. कॉफी संपली की ते पुन्हा भरतात. नको असेल तर रिकामा कप हलवायचा. "आणि बाय, तिथे काही बोलू नकोस. नुसतं पी, हलव आणि ये." न प्यायलं तर काय होतं, हे त्यांनी सांगितलं नाही. वीस वर्षांत त्यांच्यासमोर आपल्या कुणी माणसाने ती कॉफी नाकारली नव्हती, मग सांगणार कशाला?

बायकांची बैठक वेगळ्या दाराने होती. लाल गालिचा, भिंतीला टेकलेल्या उश्या, मधोमध लांब चोचीची पितळी किटली. नऊ-दहा बायका. घरात आल्यावर त्यांनी अबाये काढले आणि आतून असे रंग बाहेर आले, की आमच्या तालुक्याची साडीची दुकानं फिकी पडावीत. आईने अबाया काढला नाही. आत गाऊन होता.

मध्यभागी उम्म अब्दुल्ला बसल्या होत्या. सुरकुतलेल्या, काटक, हातावर मेंदी, डोळ्यांत सुरमा. शेजारी त्यांची नात नूरा, शाळेत इंग्रजी शिकलेली, ती दुभाषी. खजुरांचं ताट आलं. क्लेजा (खजुराचं सारण भरलेली जाड भाजकी पोळी) आली. आईने दोन खाल्ल्या, तिसरी हातात घेऊन कृती विचारली. मग किटली माझ्याकडे वळली. बिनकानाच्या छोट्या कपात पिवळसर, वेलचीच्या वासाची कॉफी पडली.

मी कप घेतला. उजव्या हातातच घेतला, बाबांचं नाव राखायला. आणि तो न पिता समोर गालिच्यावर ठेवला. पाठ ताठ केली. हात मांडीवर.

खोलीतलं बोलणं थांबलं.

मी अनेक उपोषणं पाहिली आहेत. उपोषणाला बसल्यावर लोक काय करतात? शेजारी भेळ खातात. फोटोवाला येतो आणि फोटो न काढता जातो. पण इतका परिणाम मी आयुष्यात पाहिला नव्हता. एका बाईच्या हातातला खजूर तोंडाच्या वाटेवर थांबला. नूराची आई उठून उभी राहिली आणि पुन्हा बसली. नूरा का कोण जाणे लाल झाली. उम्म अब्दुल्लांनी स्वतःची पाठ सरळ केली, ओढणी सावरली आणि माझ्याकडे असं बघितलं, की मला कलेक्टरपुढे उभं असल्यासारखं वाटलं.

त्या काहीतरी बोलल्या. नूरा हळू आवाजात म्हणाली, "आजी सांगतेय, कॉफी पी."

"नाही," मी म्हटलं. "माझ्या मागण्या मान्य झाल्याशिवाय नाही."

नूराने ते सांगितलं. मला वाटलं, आता चिडतील. त्यांनी गंभीरपणे मान हलवली, जणू मी बरोबर उत्तर दिलं होतं.

"आजी विचारतेय, तुझं काय काम आहे? सांग."

म्हणजे काय? अहो, आम्हाला "तुमचं म्हणणं काय" एवढं विचारायला साहेबाने दीड वर्ष लावलं होतं! मी निवेदन काढलं, घसा साफ केला. "मागणी क्रमांक एक. शेतावरील कामगारांच्या खोल्यांतील एसी वेळेवर दुरुस्त—"

उम्म अब्दुल्लांनी हात वर केला.

"आजी म्हणते, एक."

"हो, ही एकच झाली. अजून तेरा आहेत."

"नाही," नूरा म्हणाली. "एक कप आहे. एकच मागणं."

हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आमच्यात चौदा मागण्या करतात, म्हणजे तीन मिळतील अशी आशा असते आणि एकही मिळत नाही. इथे एक मागायचं होतं आणि ते मिळणार असं सगळ्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं. मी कागदाकडे बघितलं. तिसरी मागणी पासपोर्टची. नववी सुट्टीची. चौदावी, जाड अक्षरांत, खाली दोन रेघा: बाबांची कायमची सुटका. मी लहानापासून मोठ्याकडे लिहिलं होतं. सगळ्यात मोठी ती. तोंड उघडलं.

"अगो मेले, लग्नाचं बोल!" आई ओरडली, तोंडात क्लेजा होती तरी.

आणि मी लग्नाचं बोलले. म्हटलं, माझ्या भावाचं लग्न आहे मे महिन्यात, माझे वडील तिथे हवेत. बस. मोडक्या इंग्रजीत दोन वाक्यं. पत्रकात ती छापलीही गेली नसती.

नूराने सांगितलं, आणि का कोण जाणे खोलीभर एक मोठा सुस्कारा पसरला. नूराच्या आईला तर हसू आवरेना. उम्म अब्दुल्लांनी छातीवर हात ठेवला.

"पी," नूरा म्हणाली. "आजी म्हणते, मिळालं. पी."

मी प्यायले. गार झाली होती. तरी इतकी चांगली कॉफी मी पुन्हा प्यायले नाही.

मग अब्दुल्लाला बोलावणं गेलं. पुरुषांच्या बैठकीतून तो आला, दाराबाहेर मोठ्याने खाकरला, बायकांनी डोक्यावर ओढण्या घेतल्या, आणि मायलेकांचं बोलणं दाराच्या पडद्यातून सुरू झालं. नूरा माझ्या कानाशी सांगत होती. तो म्हणाला, आई, उन्हाळ्यात झाडं? आई म्हणाली, तुझा बाप उंट जुंपून पाणी काढायचा, तू निदान बटण दाब. तो म्हणाला, आई, ते बटण नाही, इंजिन आहे. आई म्हणाली, मग शिकून घे, मेपर्यंत वेळ आहे.  मग पडद्यामागून शाळेतल्या मुलासारखं, "हाजिर, यम्मा (बरं, आई)."

ज्याच्याविरुद्ध मी चौदा कलमं लिहिली होती, तो सत्ताधारी हा.

मी विजयाच्या आनंदात दुसरा कप प्यायले, तिसरा प्यायले. कप हलवायचा असतो हे विसरले होते, पाचव्याला आठवलं. आणि तेव्हाच उम्म अब्दुल्लांनी स्वतःचा भरलेला कप उचलला, माझ्याकडे बघितलं आणि तो माझ्यासमोर गालिच्यावर ठेवला. न पिता.

आता खोलीतल्या सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या.

"आईगं," आई म्हणाली. "ही पण उपोषणाला बसली!"

मी नूराला विचारलं, आता मी काय करायचं? तिने सांगितलं, विचारायचं. मी विचारलं, तुमचं काय काम आहे, सांगा.

"आजी म्हणते, तुझ्या वडिलांनी लग्न करून परत यावं. खजूर रंग धरायच्या आत."

म्हणजे जुलैच्या आधी. कागद अजून माझ्या मांडीवर होता, चौदावी मागणी वर. जाड अक्षरं, दोन रेघा. मी हो म्हणणार कशी? आणि नाही कशी म्हणणार? त्यांचा कप निवत होता, वाफ कमी कमी होत होती, आणि त्या माझ्याइतक्याच ताठ बसल्या होत्या. आणि मला एकदम लक्षात आलं, की हे मागणं माझ्याकडे केलंय, पण उत्तर माझ्याकडे नाही. चौदा कलमं लिहिताना मी समितीला विचारलं होतं, आईला विचारलं होतं, व्याकरण तपासायला शाळेतल्या बाईंना दाखवलं होतं. बाबांना विचारलं नव्हतं.

"बाबांना बोलवा," मी म्हटलं.

बाबा पुरुषांच्या बैठकीतून येऊन पडद्यापलीकडे उभे राहिले. आत काय चाललंय याचा त्यांना पत्ता नव्हता. त्यांचे पाय तेवढे पडद्याखाली दिसत होते, पॉलिश केलेले बूट.

"बाबा," मी मराठीत विचारलं, "लग्न झाल्यावर तुम्हाला परत यायचंय का इथे?"

बूट जरा हलले.

"हे काय विचारतेस सगळ्यांसमोर?"

"कुणाला मराठी येत नाही. सांगा."

"येणारच ना. अजून दोन वर्षं करणार मी. ते इंजिन मी सरळ केलंय, बाय. दुसऱ्याच्या हातात देऊन मला तिकडे झोप तरी लागेल काय?" मग म्हणाले, "पण दादाच्या लग्नाला जायचंय मला. लय जायचंय."

वीस वर्षांत "बघू"च्या पुढचं वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. त्यासाठी फक्त प्रश्न विचारायचा होता.

मी उम्म अब्दुल्लांकडे वळले. "प्या," मी म्हटलं. "मिळालं."

परत येताना बाबांना सगळं सांगितलं, तर ते हसत हसत पाण्याच्या पाइपवर बसले. उठेनातच. "अगो, तू काय केलंस तुला माहीत आहे काय? इथे पाहुण्याने कॉफी खाली ठेवली, की त्याचं मागणं असतं. यजमानाने नाही म्हटलं तर गावभर नाक कापलं जातं त्याचं. खुनाचा तंटा मिटवायला ठेवतात लोक तो कप! नाहीतर मुलगी मागायला."

"मुलगी?"

"आईला घेऊन गेलीस, घरात उपवर नूरा, आणि कप खाली. दादासाठी नूराला मागायला आलात असं वाटलं असणार त्यांना!"

म्हणून ती लाल झाली होती. म्हणून तो सुस्कारा होता. आई म्हणाली, "मुलगी चांगली होती गो, पण हॉलचं बुकिंग झालंय."

मी म्हटलं, "पण मी तर उपोषण केलं!"

"होय. अर्धा तास. आणि त्यातला निम्मा वेळ तुझी आई चरत होती."

दोन दिवसांनी बाबांच्या पासपोर्टवर खुरूज-औदा (जाऊन परत यायची परवानगी) आली. अब्दुल्ला स्वतः घेऊन आला, आणि इंजिनसमोर उभा राहून बाबांकडून ते सुरू करायला शिकू लागला. पहिल्या दिवशी त्याचा पांढरा झगा ग्रीसने काळा झाला. माझ्या वहीत त्याच्यासाठी जी विशेषणं होती ती मी खोडली नाहीत. पासपोर्ट तिजोरीत ठेवणं चूकच आहे, आणि खोल्यांतले एसी अजूनही गळत होते. फक्त या दोन मागण्यांपुढे आता "कपाविना मिळवावं" असं लिहिलं. अब्दुल्लाला ते वाचून दाखवायची सोय नव्हती, म्हणून एसीबद्दल बाबांकरवी सांगितलं. तो म्हणाला, इंशाल्ला.

परतीच्या वाटेवर रियाधच्या हॉटेलात आईने हा उपाय स्वतः करून बघितला. चहाचा कप खाली ठेवला, पाठ ताठ केली आणि मल्याळी वेटरकडे टक लावून बघितलं. तिला जादा पराठा हवा होता. त्याने "थंडा हो गया क्या?" म्हणत कप उचलून नेला. कुठल्या अंगणात कुठलं अस्त्र चालतं, हे बघावं लागतं.

मे महिन्यात बाबा आले. हळदीला आले, अक्षतांना होते, त्यांच्या हातांना डिझेलचा वास होता आणि नव्या सूनबाईंना त्यांनी सौदीचा खजूर इतका खिलवला की तिने शेवटी हात जोडले. पंगतीत नवरीचे थोरले काका पानाला हात न लावता रुसून बसले, मानाचा टॉवेल राहिला होता म्हणून. सगळी धावपळ. मी लांबून बघत होते आणि मला बुरैदा आठवत होतं. आपल्याकडेही आहेच की हे! फक्त आपण त्याला रुसवा म्हणतो, आणि मागणं न विचारता नुसतं "जेवा हो, जेवा हो" करत राहतो.

ठरलेले दिवस संपले. जायच्या दिवशी सकाळी ओटीवर आईने बाबांना चहा दिला. दाराशी बॅग बांधून ठेवली होती, आतून जवळ्याचा वास येत होता. बाबांनी कप घेतला, माझ्याकडे बघितलं आणि तो न पिता फरशीवर ठेवला.

"काय झालं? साखर कमी?" आई म्हणाली.

 बाबांनी नुसती पाठ ताठ केली.

मला कळलं. मी समोर जाऊन बसले. "तुमचं काय काम आहे, सांगा."

"पुढच्या वर्षी परत ये," बाबा म्हणाले. "पण सोडवायला नको येऊस. नुसती ये."

चहावर साय धरायला लागली होती.

"प्या," मी म्हटलं. "मिळालं."